उंटाच्या अन्ननलिकेत काही अडकलं तर: ओळखायचं कसं आणि सोडवायचं कसं

"उंटच आहे तो, दोन दिवस खाल्लं-प्यालं नाही तरी त्याला काही होत नाही" हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते, कारण बरेचदा त्या दोन दिवसांतच सगळं हातातून निसटतं. उंट तहानेला चिवट असतो हे अगदी खरं, पण अन्ननलिकेत काहीतरी अडकलेला उंट म्हणजे नुसता तहानलेला उंट नव्हे. त्याच्या नळीच्या भिंतीवर आतून सतत दाब पडत असतो, तोंडातली लाळ खाली जायला जागा नसल्याने ती श्वासनलिकेकडे वळायला बघत असते, आणि ह्या दोन्ही गोष्टी तासांच्या हिशोबात बिघडतात. त्यामुळे हा लेख उंट पाळणाऱ्यांसाठी, त्यांच्याकडे जाणाऱ्या नवीन डॉक्टरांसाठी आणि ज्यांना ह्या प्राण्याबद्दल माया आहे अशा कुणासाठीही, जमेल तेवढ्या साध्या शब्दांत.

आधी नळी समजून घेऊ. घास तोंडातून पोटात पोचवणारी ही मऊ, ताणली जाणारी नळी, आणि उंटाची मान बघितली की तिच्या लांबीचा अंदाज येतोच, मोठ्या उंटात ती दीड-दोन मीटर भरते. मानेच्या वरच्या भागात ती श्वासनलिकेच्या मागे असते, खाली येता येता डाव्या बाजूला सरकते, मग छातीत शिरते, हृदयाच्या वरून जाते, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा ओलांडते आणि पोटाच्या पहिल्या कप्प्यात उघडते. उंटाच्या पोटाला तीन कप्पे असतात, गाईसारखे चार नाहीत, पण रवंथ तोही करतो. म्हणजे ही नळी दुहेरी रस्ता आहे, चारा खाली जातो आणि रवंथीचा गोळा वर येतो, शिवाय पोटात तयार होणारा गॅससुद्धा ढेकरेवाटे ह्याच वाटेने बाहेर पडतो. रस्ता बंद झाला की तिन्ही वाहतुकी एकदम थांबतात. आणि रस्ता बंद पडायच्या जागाही बऱ्यापैकी ठरलेल्या आहेत: घशाच्या लगेच मागे, मान छातीत शिरते तिथे, हृदयाच्या वर आणि पोटाच्या तोंडाशी. ह्या चार जागा लक्षात ठेवा, पुढे उपचार ठरवताना सगळं ह्यावरच येऊन थांबतं.

अडकतं काय? दोन प्रकार. एक म्हणजे खाण्याचीच वस्तू, पण चुकीच्या आकाराची किंवा चुकीच्या पद्धतीने खाल्लेली: अख्खा बटाटा, बीट, कांदा, कोयीसकट फळ, किंवा कोरडा भरडा नाहीतर गोळी-पेंड जी भुकेल्या उंटाने वचावचा खाल्ली आणि नळीत जाऊन फुगली. दुसरा प्रकार जास्त त्रासाचा: प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोरी, जाळीचे तुकडे, चिंध्या, चामडं, हाडं. उंट असलं काही का खातो हे समजून घेण्यासारखं आहे. त्याच्या गालांच्या आतल्या बाजूला कडक, टोकदार उंचवटे असतात आणि त्यांची टोकं घशाकडे वळलेली असतात, काटेरी झुडपं न टोचता खाता यावीत म्हणून ही सोय आहे, पण त्याच सोयीमुळे एकदा तोंडात गेलेली दोरी किंवा पिशवी मागे मागेच सरकत जाते, थुंकून टाकणं अवघड होतं. त्यात चाऱ्यात फॉस्फरस कमी पडला किंवा मीठ आणि खनिजं पुरेशी मिळाली नाहीत की उंट हाडं, माती, चिंध्या चघळायला लागतो, डॉक्टर ह्याला पायका म्हणतात. त्यामुळे हाड अडकलेला उंट दिसला तर हाड काढून काम संपत नाही, तो हाड का चघळत होता हे बघायलाच लागतं, नाहीतर तोच उंट परत त्याच अवस्थेत समोर येतो.

प्लॅस्टिकचं प्रकरण किती मोठं आहे ह्याची एक आकडेवारी सांगतो. दुबईतल्या सेंट्रल व्हेटर्नरी रिसर्च लॅबोरेटरीने 2008 पासून तपासलेल्या साधारण 30,000 मेलेल्या उंटांपैकी 300 पेक्षा जास्त उंटांच्या पोटात प्लॅस्टिक, दोऱ्या आणि कचरा एकत्र होऊन बनलेले घट्ट गोळे सापडले होते, 2021 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे गोळे पोटातले, अन्ननलिकेतले नाहीत, पण तिथपर्यंत पोचताना प्रत्येक पिशवी ह्याच नळीतून गेलेली असते, आणि सगळ्याच काही सुखरूप उतरत नाहीत.

आता लक्षणं. पूर्ण अडकलं असेल तर ती एकदम दिसतात. उंट खाता खाता थांबतो, अस्वस्थ होतो, मान पुढे आणि खाली ताणतो, परत परत गिळायचा प्रयत्न करतो, खोकतो, आणि तोंडातून लाळेची तार लागते. नाकातून फेस, चाऱ्याचे कण किंवा प्यायलेलं पाणी परत येणं ही तर फार मोठी खूण आहे. काही उंट पाण्याजवळ जातात, तोंड बुडवतात, दोन घोट घेतात आणि ते सगळं नाकावाटे बाहेर टाकतात, मालक सांगतो पाणी पितोय म्हणून, पण पाणी पोटात जातच नसतं. मानेच्या डाव्या बाजूला कधी कधी गाठ किंवा फुगवटा दिसतो. नंतर डावी भकाळी, म्हणजे बरगड्या आणि मागचा पाय यांच्यामधली कूस, फुगायला लागते, कारण गॅसला वाट नाही. पण भकाळी फुगलेली नाही म्हणून अडकलेलं नाही असं अजिबात समजू नका, कडेने थोडी फट राहिली असेल तर गॅस निसटत राहतो, पोट सपाट दिसतं आणि तरीही घास खाली जात नाही. अर्धवट अडकलेले उंट तर आणखी फसवतात, ते थोडं थोडं खातात, मग ओकल्यासारखं करून टाकतात, पातळ गोष्ट जाते जाडसर जात नाही, असं आठवडाभर चालतं आणि उंट बारीक होत जातो.

लाळ गळतेय, खात नाही, म्हणजे घशात काहीतरी अडकलं, असा निष्कर्ष काढायच्या आधी मात्र थांबायला हवं. माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून ह्या भागावर जरा जास्त वेळ घालवतो.

पहिली गोष्ट रेबीज. पिसाळलेल्या उंटालाही गिळता येत नाही, त्याचीही लाळ गळते, तोही बेचैन असतो, आणि बघणाऱ्याला वाटतं घशात हाड अडकलंय. मग कुणीतरी बाही वर करून हात घालतो तोंडात. असं करू नका, कधीच नाही. उंट विनाकारण चावायला धावतोय का, स्वतःचंच अंग चावतोय का, मागचे पाय लटपटतायत का, आवाज बदललाय का, गेल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कुत्रा, कोल्हा वगैरे चावल्याचं कुणाला माहीत आहे का, हे आधी विचारायचं. शंका थोडी जरी असली तरी हातमोजे, चष्मा आणि शक्य तितकं अंतर, तोंड तपासायचं काम ज्यांनी रेबीजची लस आधीच घेतली आहे त्यांनीच करावं. आणि अशा उंटाची लाळ हातावरच्या जखमेला लागलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जायचं, उंटाचं काय झालं ते कळेपर्यंत थांबायचं नाही.

दुसरी गोष्ट खास एका कुबडाच्या उंटाची. नर माजावर आला की त्याच्या मऊ टाळूची एक पिशवी हवेने फुगून तोंडाच्या एका बाजूने बाहेर लोंबते, गुलाबी, ओली, फुग्यासारखी, तिला दुला म्हणतात. सोबत बुडबुड्यांसारखा घोगरा आवाज आणि भरपूर फेस. पहिल्यांदा बघणारा माणूस घाबरतोच, त्याला वाटतं आतडंच बाहेर आलं. माजावरचा नर खाणंही कमी करतो, म्हणजे फेसही आहे आणि भूकही नाही, दोन्ही लक्षणं नळीत काही अडकल्यासारखीच. फरक असा की दुला परत आत जाते, उंट पाणी नीट पितो, नाकातून काही येत नाही, आणि डोक्याच्या मागे कानांजवळच्या ग्रंथींतून काळपट चिकट स्राव येत असतो जो माजाची खूण आहे. पण ह्याचा अर्थ माजावरच्या नराकडे दुर्लक्ष करा असा नाही बरं का. कधी कधी ही दुलाच दातांखाली येते, सुजते, तिच्यात चारा भरून राहतो, आणि मग तीच घसा अडवते, श्वाससुद्धा अडकायला लागतो. बाहेर आलेली पिशवी आत जातच नाही किंवा घशाशी सूज आणि घरघर आहे अशा वेळी डॉक्टरला लगेच बोलवायचं, ती खराब झालेली पिशवी कापून काढायला लागू शकते.

शिवाय ह्याच काळात नर एकमेकांना चावतात, आणि खालच्या जबड्याचं हाड मोडण्याचे प्रकार उंटांत बऱ्यापैकी दिसतात. जबडा मोडलेल्या उंटाचीही लाळ गळते, पण ती रक्ताळलेली असते आणि चारा तोंडातूनच खाली पडतो, नाकातून येत नाही. किडलेली दाढ, तोंडातले फोड, देवीसारखे रोग, दाढेत आडवी अडकलेली काडी, हे सगळं तोंड उघडून टॉर्च मारला की कळतं. हाडं चघळणाऱ्या उंटात बॉट्युलिझमही डोक्यात ठेवायला हवा, सडक्या हाडांतून येणाऱ्या विषामुळे जीभ आणि घसा लुळा पडतो, उंट गिळू शकत नाही, पण त्याच्या नळीत काहीच अडकलेलं नसतं. आणि कीटकनाशकाची विषबाधा, त्यातही तोंडाला लाळेची धार लागते, पण सोबत जुलाब, थरथर, बारीक झालेली बाहुली असं बाकीचंही चित्र असतं.

एवढं सगळं बाजूला काढलं की मग तपासणी. उंटाला आधी बसवायचं, पुढचे पाय दुमडलेल्या अवस्थेत बांधायचे, छातीवर नीट बसलेला उंट सगळ्यात सुरक्षित, आडवा पाडायचा नाही कारण आडव्या उंटाच्या पोटातलं पाणी आणि चारा घशात येऊ शकतो. मग डाव्या बाजूने जबड्यापासून छातीपर्यंत बोटांनी हळूहळू चाचपत जायचं. टणक गोळा लागला तर जागा कळली. मऊ, पाण्याच्या फुग्यासारखं लागलं तर ती बहुतेक अडथळ्याच्या वर साठलेली लाळ असते, खरी वस्तू तिच्याही खाली असते. त्वचेखाली कुरकुर लागली, म्हणजे हवा शिरल्यासारखं वाटलं, तर नळी फाटली असण्याची दाट शक्यता आहे आणि तिथून पुढे प्रकरण फार गंभीर होतं. काहीच लागलं नाही तर अडथळा छातीत असू शकतो, तिथे बोटं पोचत नाहीत.

पुढची पायरी म्हणजे तोंडातून अन्ननलिकेत लवचिक नळी घालून बघणं. डॉक्टर आधी नळी उंटाच्या अंगाबाहेरून धरून मोजतात, तोंडापासून छातीच्या तोंडापर्यंत किती, पोटापर्यंत किती, आणि नळीवर चिकटपट्टीच्या खुणा करतात. मग गुंगीचं इंजेक्शन, तोंडात माउथ गॅग (जबडा उघडा धरून ठेवणारं साधन), कारण उंटाच्या सुळ्यांनी नळी काय बोटंही सहज कापली जातात, आणि भरपूर जेल लावून नळी आत. ती जिथे थांबेल तिथली खूण बघितली की अडथळा मानेत, छातीच्या तोंडाशी की आणखी खाली, हे समजतं. साधी गोष्ट आहे पण फार मोलाची, कारण सगळा पुढचा रस्ता ह्या एका मापावर ठरतो. नळी श्वासनलिकेत गेली नाही ना ह्याची खात्री मात्र दरवेळी करायला हवी, गुंगीतला उंट खोकेलच असं नाही. आणि जोर लावायचा नाही, नळी थांबली की थांबायचं. नळी पोटापर्यंत आरामात गेली तर आत बहुधा काही अडकलेलं नाही आणि कारण दुसरंच आहे, आणि दाब देऊन कशीबशी गेली तर बाहेरून काहीतरी दाबतंय का बघायचं, उंटांमध्ये मानेतल्या लसिकाग्रंथी सुजून पू भरण्याचा आजार असतो, तशी गाठ अन्ननलिकेला बाहेरून चेपू शकते.

सोय असेल तर मानेची सोनोग्राफी फार उपयोगी पडते, वेदना नाही, गुंगीही फारशी लागत नाही, आत घन वस्तू आहे की चाऱ्याचा लगदा, भिंत सुजली आहे का, असं बरंच कळतं. एक्स-रेत हाड आणि धातू छान दिसतात, प्लॅस्टिक आणि कापड मात्र जवळपास दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. मोठ्या उंटाची छाती इतकी जाड असते की उचलून नेण्याजोग्या मशीनने तिथला फोटो धड येत नाही. बेरियम, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं पांढरं द्रावण, पाजून फोटो काढायचा मोह होतो, पण ज्याला गिळताच येत नाही त्याच्या फुप्फुसात तेच बेरियम जायची भीती, आणि नळी फाटल्याची शंका असेल तर बेरियम नकोच, पाण्यात विरघळणारं आयोडीनचं औषध त्यातल्या त्यात बरं. सगळ्यात चांगलं एंडोस्कोप, म्हणजे कॅमेरा लावलेली लवचिक नळी, डोळ्यांनी वस्तू दिसते, भिंतीचा रंग दिसतो, फक्त मान इतकी लांब की छातीपर्यंत जायला लांब स्कोप लागतो आणि तो सगळीकडे नसतो.

रक्ताची तपासणी करावी असं मला आवर्जून वाटतं, आणि त्याचं कारण उंटाच्या शरीरातच आहे. बहुतेक सस्तन प्राणी अंगातलं पाणी वजनाच्या 15 टक्क्यांच्या आसपास घटलं की धोक्यात येतात, उंट 25 टक्क्यांपर्यंत आणि कधी त्याहून जास्त सोसतो, आणि तेही रक्तातलं पाणी बऱ्यापैकी राखून, त्यामुळे बाहेरून तो ठीकच दिसतो. त्यातच गळून जाणाऱ्या लाळेत भरपूर बायकार्बोनेट असतं, ते आम्ल मारायचं काम करतं, ते बाहेर वाहून गेलं की रक्त आम्लाकडे झुकतं आणि उंट मलूल होत जातो. हे डोळ्यांना दिसत नाही, रिपोर्टमध्ये दिसतं. तसंच तापाचं. पाणी कमी झालेल्या उंटाचं तापमान सकाळी 34 अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं आणि संध्याकाळी 40 च्या वर जाऊ शकतं, हे त्याचं नॉर्मल आहे. म्हणून दुपारी एकदा थर्मामीटर लावून ताप आहे किंवा नाही असं सांगून उपयोग नाही, रोज पहाटे एकाच वेळी मोजून लिहून ठेवायचं तेव्हा न्यूमोनियाचा ताप वेगळा ओळखू येतो.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं हे थोडक्यात: चारा आणि पाणी दोन्ही समोरून काढून टाका, उंटाला शांत जागी छातीवर बसवा, डोकं खालच्या बाजूला राहील असं बघा म्हणजे लाळ बाहेर वाहील. बस्स. काठी घालून ढकलू नका, पाण्याचा पाइप तोंडात सोडू नका, तेल पाजू नका. तेल पाजल्याने वस्तू सरकते असा समज फार पसरलेला आहे, पण ते तेल बंद नळीवर जाऊन थांबतं, वर येतं आणि श्वासनलिकेत उतरतं, आणि फुप्फुसात गेलेलं तेल बाहेर काढता येत नाही. अडकलेल्या वस्तूने न मेलेले उंट पाजलेल्या तेलाने मरतात. पळवणं, मान पिरगाळणं, गोळ्यावर बाहेरून ठोसे मारणं, हेही नको, आत टोकदार हाड असेल तर एका ठोशात नळी फाटते. उंटीण गाभण असेल तर डॉक्टरला ते आधीच सांगा, गुंगीचं औषध निवडताना त्यांना ते माहीत असायला लागतं.

पोट फार फुगलं असेल आणि उंट धापा टाकत असेल तर डॉक्टर सगळ्यात आधी गॅस काढतात, डाव्या भकाळीतून ट्रोकार, म्हणजे टोकदार पोकळ नळी, घालून. ह्यात पोटातली घाण पोटाच्या पोकळीत सांडून संसर्ग व्हायचा धोका आहे, म्हणून सहज म्हणून करायचं काम नाही, पण श्वासच अडकत असेल तर पर्याय नसतो.

मग मुख्य काम. गुंगीमुळे उंट शांत होतो, अन्ननलिकाही थोडी सैल पडते, सोबत वेदना आणि सूज कमी करणारं औषध, अन्ननलिकेचे आवळलेले स्नायू सैल करणारं इंजेक्शनही बरेच जण देतात. गोळी-पेंड किंवा भरड्याचा लगदा असेल तर नुसत्या एवढ्यानेही कधी कधी तो मऊ होऊन सरकतो. नाही सरकला तर आत घातलेल्या नळीतून कोमट पाणी थोडं थोडं सोडून धुवायचं, डोकं खाली ठेवून, म्हणजे लगदा घेऊन पाणी तोंडावाटे बाहेर येतं. इथे घाई करायची नाही, पाणी आत किती गेलं आणि बाहेर किती आलं हे मोजत राहायचं, एकदम बादलीभर सोडलं तर ते फुप्फुसात जातं. श्वासनलिकेत फुगा असलेली वेगळी ट्यूब बसवून हे केलं तर सगळ्यात उत्तम.

घशाच्या जवळ अडकलेली घन वस्तू, म्हणजे बटाटा वगैरे, हाताने काढता येते. एक जण मानेवरून बाहेरून तिला दोन्ही हातांनी वर वर सरकवत आणतो आणि दुसरा गॅग लावलेल्या तोंडातून हात घालून किंवा लांब चिमट्याने पकडतो. उंटाचं तोंड लांबट आणि अरुंद असल्याने गाईपेक्षा हे अवघड जातं, चांगली गुंगी हवी. जेल सढळ हाताने वापरायचं. दोरी किंवा कापड असेल तर टोक दिसलं म्हणून ओढू नका, दुसरं टोक खूप खाली गेलेलं असू शकतं आणि ताणलेली दोरी नळीची भिंत करवतीसारखी कापते, एंडोस्कोपमधून बघत बघत सोडवणं हाच बरा मार्ग.

छातीत अडकलेली गुळगुळीत, गोल वस्तू मऊ टोकाच्या जाड नळीने हळूच पोटात ढकलता येते. हाड, धातू, टोकदार काहीही असेल तर ढकलायचं नाही. आणि बराच वेळ अडकून राहिलेली वस्तू ढकलणंही धोक्याचं, कारण तिच्याखालची भिंत दाबाने कुजलेली असते, जी नळी पहिल्या तासाभरात धक्का सोसते तीच दोन दिवसांनी ओल्या कागदासारखी फाटते. म्हणूनच कधी अडकलं ह्याचं खरं उत्तर डॉक्टरला द्यायला लागतं. मालकाला ओरडा बसेल म्हणून तो "आज सकाळीच" म्हणतो, आणि त्या एका उत्तरावरून डॉक्टर ढकलायचं की कापायचं ते ठरवतात.

ह्यातलं काहीच जमलं नाही तर ऑपरेशन. वस्तू मानेत असेल तर डाव्या बाजूने मान उघडून थेट नळीवर उभा छेद. वाचायला सोपं वाटतं, पण शेजारूनच मानेची मोठी शीर, डोक्याकडे रक्त नेणारी धमनी आणि तिला चिकटून व्हेगस नर्व्ह ही मोठी नस जाते, स्वरयंत्राची नसही तिथेच असते, त्यामुळे ज्याने हे आधी केलं आहे किंवा पाहिलं आहे अशाच सर्जनने करावं. छेद शक्यतो निरोगी दिसणाऱ्या भिंतीवर घेतात, वस्तू काढतात, आणि आतलं अस्तर वेगळं, बाहेरचा स्नायू वेगळा असे दोन थरांत टाके घालतात. अन्ननलिका ही शिवायला मोठी नाठाळ जागा आहे, पोटाच्या किंवा आतड्याच्या बाहेरून जो पातळ, लगेच चिकटून जखम सील करणारा पडदा असतो तो मानेतल्या नळीला नसतोच, शिवाय प्रत्येक गिळण्यासोबत टाके ताणले जातात आणि लाळ त्यांच्यावरून वाहते. भिंत काळी पडलेली असेल तर काही वेळा जखम मुद्दाम उघडी ठेवून हळूहळू भरू देतात, टाके तुटून पू आत पसरण्यापेक्षा ते परवडतं. वस्तू छातीत, पोटाच्या तोंडाजवळ असेल तर छाती उघडण्याऐवजी डाव्या भकाळीतून पोटाचा पहिला कप्पा उघडतात आणि आतून हात घालून वस्तू खाली ओढून घेतात, तेव्हाच पोटात आणखी किती प्लॅस्टिक साठलंय तेही कळतं आणि काढता येतं.

वस्तू निघाली म्हणजे सुटलो असं वाटणं स्वाभाविक आहे, पण पुढचे पंधरा-वीस दिवस तितकेच महत्त्वाचे. नुसती वस्तू काढली असेल आणि भिंत चांगली असेल तर आधी पाणी, मग मऊ, ओला, बारीक केलेला चारा थोडा थोडा करून. टाके असतील तर काही दिवस तोंडाने काहीच नाही, सगळं सलाईनवर नाहीतर टाक्यांच्या खालून बसवलेल्या नळीतून. किती दिवस ते सर्जन भिंतीची अवस्था बघून ठरवतो, आणि उंट भुकेने ओरडतोय म्हणून दया येऊन कुणी चारा टाकला की टाके जातात, हे घरच्या प्रत्येकाला, पोरासोरांनाही, आधीच सांगून ठेवायचं. अँटिबायोटिक पूर्ण दिवस. श्वासाला घाण वास, खोकला, भराभर श्वास, पहाटेचं तापमान चढतं, ह्यातलं काहीही दिसलं की न्यूमोनिया समजून त्याच दिवशी डॉक्टर.

भिजवल्याशिवाय गोळी-पेंड न देणं, कंद कापून देणं, चरायच्या जागेतल्या पिशव्या-दोऱ्या उचलणं, मीठ आणि खनिजांची चाटण कायम ठेवणं, हे सगळं ह्याच दिवसांत सुरू करावं, कारण जखमी नळीत दुसऱ्यांदा अडकायला पहिल्यापेक्षा खूप छोटी वस्तू पुरते.

आणि काही आठवड्यांनी, जेव्हा सगळे निर्धास्त झालेले असतात, तेव्हा उंट परत घास तोंडातच घोळवायला लागला, पाणी जातंय पण जाडसर चारा परत येतोय असं दिसलं तर ती नवीन वस्तू असेलच असं नाही, जखम भरताना आकसून नळी तिथे अरुंद झालेली असू शकते. परत स्कोप किंवा नळी घालून ती जागा बघावी लागते, फुग्याने थोडी थोडी करत रुंद करायचा प्रयत्न करतात, एका वेळी होत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि ज्या उंटांत ते टिकत नाही त्यांना कायमच बारीक कापलेला, भिजवलेला चारा हाताने घालावा लागतो.